तीन नंबरची बदली

लेकीला सकाळी सणकून ताप भरला, तेव्हा घरात पहिली काळजी तापाची झाली नाही. ताप येतो, गोळी घेतली की उतरतो. काळजी लागली ती तिच्या जागेची.

कॉलेजात त्या दिवशी चर्चेचा तास होता. लेकीच्या गैरहजेऱ्या आधीच इतक्या साचल्या होत्या की मॅडमनी तिला बोलावून बजावलं होतं, आता आणखी एक तास बुडाला तर परीक्षेला बसता येणार नाही. परीक्षा गेली की वर्ष गेलं, वर्ष गेलं की फीमाफी गेली, आणि फीमाफी गेली की कॉलेजचं नावच काढायला नको. हे सगळं लेकीने आदल्या दिवशी जेवताना सांगितलं होतं, तेही मीठ मागावं इतक्या सहज आवाजात. आता ती एक बूट पायात आणि एक हातात अशी पलंगाच्या काठावर बसली होती. उभी राहिली, भिंत धरली, पुन्हा बसली. मग बुटासकट आडवी झाली.

आई पलंगाशी उभी राहून बघत होती.

"अगं, नुसती बघत काय उभी राहिलीस?" आजी आपल्या खुर्चीतून म्हणाली. "बदली पाठव."

आता हे वाचून कुणाला हसू येत असेल तर त्याने खुशाल हसावं. पण हसण्याआधी त्या घराची रीत समजून घ्यावी.

आई एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथे गाड्या भरभरून येत. धुलाई यंत्रात होई, पण ओली चादर ताणून तापलेल्या रोलरमध्ये सरकवायला माणसंच लागत, या बाजूला एक आणि त्या बाजूला एक. चादरीला दोन बाजू असतात, त्यामुळे एक बाई आली नाही की समोरचीही हात चोळत उभी राहते आणि मागे गाड्या तुंबतात. म्हणून तिथला नियम सोपा होता. आजारी पडायला कुणाची ना नव्हती, फक्त जागा रिकामी राहता कामा नये. आपण नाही आलो तर घरातलं कुणीतरी पाठवायचं. बहीण, जाऊ, सासू, कोण आलंय ते मुकादमबाई विचारत नसत. दोन हात पोचले की त्यांचं काम झालं. नाही पोचले, तर जागा दुसरीला.

रोलरवरच्या जागांना नंबर होते आणि बायकांना त्या नंबरानेच हाक मारत. आईची जागा तीन नंबरची. आधी ती आजीची होती. लेकीच्या वेळी आई बाळंत झाली तेव्हा आजी पुन्हा जाऊन उभी राहिली, तेव्हा तीही पुन्हा तीन नंबर झाली. आणि मध्यंतरी आईचं मनगट सुजून टम्म झालं होतं तेव्हा लेक जाऊन उभी राहिली, तर मुकादमबाई तिलाही "ए तीन नंबर" म्हणू लागल्या. पिढ्या बदलल्या तरी मुकादमबाईंना नवीन काही पाठ करावं लागलं नाही.

लेकीच्या गैरहजेऱ्या त्याच दिवसांतल्या. "कॉलेजात आज काही विशेष नाही," असं म्हणून ती सकाळच्या पाळीला निघून जाई, आणि आई ते खरं मानी. खरं मानण्यात सोय होती. आता ती सोय आईच्या घशाशी आली होती. पोरगी माझ्या जागी उभी राहिली म्हणून तिची जागा तिकडे रिकामी पडली, एवढी साधी गोष्ट आपल्याला कशी कळली नाही? कळली नाही की कळून घेतली नाही?

त्या आठवड्यात आईची पाळी दुपारची होती, सकाळ मोकळी होती. बाप ट्रक घेऊन कुठल्यातरी लांबच्या रस्त्यावर. आजीचे गुडघे जिन्याच्या पहिल्याच पायरीला संप पुकारत. मग उरलं कोण?

"तिने माझी बदली केली, मी तिची करते," आई म्हणाली.

"केस नीट बांध," आजी म्हणाली. "आणि पहिल्या दिवशी फार तोंड उघडू नकोस. मुकादम कसा आहे ते आधी बघून घ्यायचं."

गोळीच्या गुंगीत लेक झोपली होती. आईने तिच्या पायातला बूट काढला, अंगावर पांघरूण ओढलं, तिची बॅग खांद्याला लावली आणि निघाली.

कॉलेजच्या फाटकाशीच घोडं अडलं.

"मागच्या दाराने," फाटकावरचा शिपाई वर न बघता म्हणाला. "झाडू-फरशीच्या बायका मागच्या दाराने."

"मी झाडू मारायला आले नाही. तासाला आलेय."

शिपायाने मान वर केली. आईच्या खांद्यावरची बॅग बघितली, मग आईला बघितलं. बहुतेक त्याला वाटलं असावं, हल्ली काय, कुणीही कधीही शिकायला लागतं. त्याने डाव्या हाताचा जिना दाखवला.

आई जिना चढू लागली. चोरी करायला निघालो नाही, हे ती स्वतःला समजावत होती, आणि चोर नेमकं हेच समजावत असेल असंही तिला वाटत होतं. भिंतींवर कागद चिकटवले होते. पोरंपोरी पायऱ्यांवर वाट अडवून बसली होती, खिडकीत पाय वर घेऊन वाचत होती, मोठमोठ्याने भांडत होती आणि भांडता भांडता हसत होती. लाँड्रीत एवढा आवाज केला असता तर मुकादमबाईंनी रोलर बंद करून तिथेच हजेरी घेतली असती. इथे कुणी कुणाला गप्प करत नव्हतं. आईला ते बघून बरं वाटलं नाही, धास्तीच वाटली. एवढ्या मोकळ्या ठिकाणी माणसाने चुकायचं तरी कसं टाळायचं?

वर्गात गेल्यावर आणखी पंचाईत झाली. खुर्च्या रांगेत नव्हत्या, गोल मांडल्या होत्या, आणि एकाही खुर्चीवर नंबर नव्हता.

"माझ्या लेकीची जागा कुठली?" तिने चष्मा लावलेल्या एका मुलाला विचारलं आणि लेकीचं नाव सांगितलं.

"जागा? कुठेही बसा काकू," तो म्हणाला. "जिथे बसाल ती तुमची."

आई दाराजवळच्या खुर्चीवर टेकली. ज्या ठिकाणी जागाच ठरलेली नाही, तिथली जागा जाते कशी, हे काही केल्या तिला उमगेना.

मॅडम आल्या. वयाने आईएवढ्याच असतील, केस पिकलेले, हातात खडू. त्यांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. एकेक नाव, आडनावासकट, सावकाश. आई कानात प्राण आणून ऐकत होती. लेकीचं नाव आलं. तेवढं पूर्ण नाव कुणाच्या तोंडून ऐकलेलं तिला आठवत नव्हतं. ती ताडकन उभी राहिली.

"हजर."

सगळ्या माना वळल्या.

"म्हणजे, तिची बदली हजर," आई म्हणाली. आजीचा सल्ला तिच्या लक्षात होता, पण एकदा तोंड उघडल्यावर ते मधेच मिटता येईना. "ती तापाने पडलीय, उभं राहवत नाही तिला. मी तिची आई. आज या तासाला तिचं जे काय काम असेल ते मी करते. मला लिहायला वाचायला येतं. काही नाही आलं तर सांगा, मी शिकेन. पण तिची जागा जाऊ देऊ नका."

कुणीतरी हसलं. त्याला कुणीतरी कोपराने ढोसलं, ते आईला दिसलं.  मॅडमनी खडू टेबलावर ठेवला.

"तुमच्याकडे असं करतात का?" त्यांनी विचारलं. आवाजात चेष्टा नव्हती. खरंच जाणून घ्यायचं असावं तसं त्यांनी विचारलं होतं.

"आमच्या लाँड्रीत करतात. जागा रिकामी ठेवत नाहीत."

"बसा," मॅडम म्हणाल्या. "हजेरी मला लावता येणार नाही. पण आलाच आहात तर बसा. पाहुण्या म्हणून."

हजेरी लागणार नाही, एवढंच आईच्या डोक्यात शिरलं. बाकीचे शब्द कानावरून गेले. ती खुर्चीवर टेकली. आता घरी जाऊन सांगायचं काय? गेले होते, उभी राहिले होते, तरी जागा गेली?

तास सुरू झाला. काय चाललंय ते हळूहळू आईला कळू लागलं. कुठल्याशा गावात नदीकाठी जुना बाजार आहे. तिथे पूल बांधायचा आहे, त्यासाठी बाजार उठवायचा. उठवावा की नाही? वर्गाचे दोन भाग केले होते, अर्धे एका बाजूने बोलणार, अर्धे दुसऱ्या. बाजार वाचवा म्हणणारे तावातावाने बोलले. एक उंच मुलगी तर इतकी छान बोलली की आईला टाळी वाजवावीशी वाटली. मग मॅडम दुसऱ्या बाजूकडे वळल्या.

"आता पुलाच्या बाजूने?"

दुसऱ्या बाजूची मुलं एकमेकांकडे बघू लागली.

"मॅडम, आमच्याकडून 'पण'च बोलणार होती," चष्मेवाला म्हणाला, आणि जीभ चावून आईकडे बघत पुढे म्हणाला, "म्हणजे तुमची मुलगी. आम्ही तिला 'पण' म्हणतो. रागावू नका काकू."

"'पण' म्हणजे?"

"ती कायम 'पण' म्हणून सुरुवात करते ना. कुणी काही बोललं की ही म्हणणार, पण असं असेल तर? पण तसं झालं तर? मॅडमनासुद्धा सोडत नाही."

 घरात ही पोरगी ताटात पडेल ते खाते, सांगू ते करते, कधी उलट शब्द नाही. आणि इथे मॅडमना उलट बोलते? मग बरोबरच आहे. हजेरी वगैरे निमित्त असेल, हिला काढायचंच ठरलं असणार. लाँड्रीत सहा नंबरने एकदा एवढंच विचारलं होतं की पाळी संपल्यावर रोलर आम्हीच का पुसायचा, आणि पुढच्या महिन्यात सहा नंबर दुसरीच होती.

"माफ करा हो," आई घाईघाईने मॅडमना म्हणाली. "मी सांगेन तिला. लहान आहे अजून, कळत नाही. पुन्हा नाही बोलणार ती."

"असं काही सांगू नका तिला," मॅडम म्हणाल्या. "उलट बोलली की आम्हाला पुन्हा विचार करावा लागतो. त्यासाठीच तर हा तास आहे."

आईने मान डोलावली. पटलं नव्हतं, पण मुकादमाशी वाद घालायचा नसतो.

"आणि गंमत माहितेय का?" उंच मुलगी मधेच म्हणाली. "तिला स्वतःला पूल नकोय. तिला बाजारच हवाय. तरी तिने पुलाची बाजू मागून घेतली."

"म्हणजे पटत नाही ते बोलणार? खोटं?"

"खोटं नाही काकू," उंच मुलगी म्हणाली. "समोरच्याचं म्हणणं आपल्याला त्याच्याइतकं चांगलं सांगता आलं पाहिजे. मग त्याला नाही म्हणायचा हक्क आपला. ती म्हणते असं."

असं म्हणते? कधी म्हणते? आपल्याशी तर ती साबण संपलाय आणि बस चुकली याखेरीज काही बोलत नाही. आईला अभिमान वाटायला हवा होता, आणि थोडा वाटलाही. पण त्याहून जास्त वाटली ती भीती. आपल्या पोटची पोर आपल्या पाठीमागे दुसरीच कुणीतरी झालीय, आणि ते सगळ्या वर्गाला माहीत आहे, फक्त आपल्याला नाही.

चष्मेवाल्याने प्रयत्न केला. पुलामुळे दवाखाना जवळ येईल वगैरे म्हणाला आणि अडखळला. दुसरा एक जण दोन वाक्यं बोलून खाली बसला. बाजारवाली मंडळी आधी हसली आणि मग कंटाळली. समोर कुणी ताणून धरायलाच नव्हतं, सगळा वाद मधे लोंबकळायला लागला.

"तुम्हाला काय वाटतं?" मॅडमनी अचानक आईला विचारलं.

"मला?"

"हो. बाजार उठवावा का?"

 मला काय वाटायचं, असं तिच्या जिभेवर आलं होतं, तेच ती आयुष्यभर म्हणत आली होती. पण सगळी पोरं तिच्याकडे बघत होती आणि कुणाला घाई दिसत नव्हती. लाँड्रीत कुणी काही विचारलं तर उत्तराआधी पुढची चादर येते. इथे चादर येत नव्हती.

"मला सांगता येणार नाही," शेवटी ती म्हणाली. "विचार करावा लागेल."

"चालेल," मॅडम म्हणाल्या, आणि खरंच चालल्यासारखं पुढे वळल्या. "मग आपण असं करू. ही चर्चा आज इथेच थांबवू. पुढच्या आठवड्यात याच वारी, याच वेळी ती पुन्हा घेऊ. तोपर्यंत ती बरी होईल."

"तिच्यासाठी?" आईने विचारलं. "एवढी सगळी जणं तिच्यासाठी थांबणार?"

"तिच्याशिवाय एकच बाजू उरतेय," चष्मेवाला म्हणाला. "मजा नाही."

कुणावाचून कुणाचं अडत नाही, असं म्हणतात. लाँड्रीत तर ते रोज खरं होतं. आई गेली की आजी, आजी नाही तर लेक, लेक नाही तर रस्त्यावरची कुणीही, चादरीला पत्ता लागत नसे. आणि इथे लिहितावाचता येणारी एवढी पोरं बसली होती, अंगात ताकद असलेली बदली स्वतःच्या पायांनी चालत आली होती, तरी काम अडून राहिलं होतं ते एका पोरीवाचून. आईने खुर्चीचा हात घट्ट धरला. आपल्याला रडू येईल की काय अशी तिला शंका आली.

तास सुटल्यावर मॅडमनी तिला व्हरांड्यात थांबवलं.

"आजारपणाचं माफ करता येतं," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांची चिठ्ठी पाठवा, आजचा दिवस धरणार नाही. तुम्हाला एवढं यायची गरज नव्हती."

आईला हे माहीतच नव्हतं. आजारपण माफ होतं, अशी जागा जगात असते हेच तिला माहीत नव्हतं.

"पण मागच्या गैरहजेऱ्यांचं कारण तिने कधी सांगितलं नाही," मॅडम म्हणाल्या. "मी विचारलं, तर नुसती गप्प. बाकी सगळीकडे बोलते, इथे गप्प. ती कुठे जायची, तुम्हाला माहीत आहे?"

आईला वाटलं, सांगू नये. मग वाटलं, आता नाही सांगितलं तर आपल्यासारखी वाईट बाई नाही.

"माझ्या जागी," ती म्हणाली. "माझं मनगट दुखावलं होतं. ती माझी बदली होती."

 खाली मैदानात पोरं कशावरून तरी ओरडत होती.

"मला तुमची अडचण समजते," त्या म्हणाल्या. "खरंच समजते. पण त्या दिवसांचं मला काही करता येत नाही, नियम तसा नाही. पुढच्या आठवड्यात तिला यावंच लागेल. त्या दिवशी ती कुठल्याही दुसऱ्या जागी उभी असली, तर मग माझ्या हातात काही नाही. आणि तिच्या जागी तुम्हीही येऊ नका. तिच्या जागी कुणीच येऊ शकत नाही हो."

मॅडम हे समजुतीने बोलल्या होत्या. आईने मात्र ते वाटभर मनात घोळवलं.

घरी लेक जागी झाली होती. आई कुठून आली ते कळल्यावर तिने उशी तोंडावर घेतली.

"तू उभी राहून हजर म्हणालीस? सगळ्यांसमोर?"

"म्हणाले."

"अगं आई, मेले मी. आता कुठल्या तोंडाने जाऊ?"

"याच तोंडाने जा. फार चालतं म्हणे ते तिकडे." आई पलंगाच्या काठावर बसली. "'पण' म्हणतात तुला."

उशी हळूच खाली आली. मग लेक हसली, हसता हसता खोकली, आणि आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. अंग अजून तापलेलंच होतं. तो हात आईने बराच वेळ तिथेच ठेवला. ताप काही माणूस बघून येत नाही, हे तेव्हा तिच्या लक्षात यायला हवं होतं.

आठवडाभराने लेक ठणठणीत झाली आणि आई पडली. तोच ताप, तीच हाडांची मोडतोड. आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणजे पाळी आता सकाळची होती. ज्या वेळी लेकीचा तास, त्याच वेळी आईचा रोलर. आदल्या संध्याकाळपासून आई कण्हत होती आणि सकाळपर्यंत उतरेल असं सगळ्यांना सांगत होती. सकाळी ती उठली, दाराच्या चौकटीपर्यंत गेली, आणि चौकट धरूनच खाली बसली.

आजीने एकदा सुनेकडे बघितलं, एकदा नातीकडे. तिला काही बोलावं लागलं नाही. लेकीने बॅग खाली ठेवली, पायातले बूट काढले आणि पलंगाखालून आईच्या लाँड्रीतल्या रबरी चपला ओढल्या.

"कुठे?" आईने विचारलं.

"तुझ्या जागी."

"आणि तुझ्या?"

"बघू. मॅडमना सांगेन काहीतरी."

"काय सांगशील? त्यांनी मला स्पष्ट सांगितलंय, आज नाही आलीस तर संपलं."

"माहितेय मला." लेकीने चपलेत पाय घातला. तिचा आवाज पुन्हा तसाच होता, मीठ मागणारा. "तुझं काम गेलं तरी संपेलच ना, आई. मग मी कुठल्या पैशांनी बसने जाणार? तिथे जाऊन चांगलं बोलले म्हणून घर चालतं का?"

हे खोटं नव्हतं. हेच तर आईला सकाळपासून खात होतं. बापाच्या ट्रकचं कधी भाडं असतं, कधी नसतं. लाँड्रीचा पगार होता म्हणून चूल पेटत होती. एका बाजूला हे, आणि दुसऱ्या बाजूला काय? गोल मांडलेल्या खुर्च्या आणि एक न बांधलेला पूल. तापाने तिचं डोकं ठणकत होतं. काय बरोबर ते तिला कळत नव्हतं, आणि विचार करायला आज कुणी वेळ देणार नव्हतं.

"जाऊ दे तिला," आजी म्हणाली. "परीक्षा पुढच्या वर्षी पण असतात."

"चपला काढ," आई लेकीला म्हणाली.

"अगं, डोकं फिरलं का तुझं?" आजीची काठी फरशीवर आपटली. "ती जागा माझी आहे. मी तुझ्या हातात दिली. हात भाजून घेऊन सांभाळली होती मी. तुला ती घालवायचा अधिकार कुणी दिला?"

आजवर आईने सासूला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. द्यायचं म्हणून आताही दिलं नाही. जे आलं ते आलं.

"तुमची होती," ती म्हणाली. "मग माझी झाली. तिची नाही होऊ द्यायची मला."

 आईने लेकीकडे हात केला, फोन मागितला आणि चौकटीला टेकूनच नंबर लावला.  

"मी आज येत नाही," ती मुकादमबाईंना म्हणाली. "ताप आहे."

"बरं. कोण येतंय?" मागे रोलरची घरघर ऐकू येत होती.

"कुणी नाही."

"कुणी नाही म्हणजे? पोरीला पाठव. तिचा हात बरा चालतो."

"तिचा तास आहे."

"कसला तास? पगार देतात का तिथे?"

"नाही."

"मग?"

 पूल, बाजार, बाजू, हे काही फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, आणि तिला स्वतःलाही ते पुरतं कळलेलं नव्हतं.

"तिथे तिला नावाने हाक मारतात," ती म्हणाली.

 मुकादमबाई वाईट नव्हत्या. त्यांच्या मागेही गाड्या तुंबत होत्या.

"बघ बाई," त्या म्हणाल्या. "मला दुसरीला उभी करावी लागेल. आणि एकदा उभी केली की तिला काढता येत नाही. नंतर रडत येऊ नकोस."

"करा," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

लेक तशीच उभी होती, एका पायात रबरी चप्पल.

"काय म्हणाल्या?"

खोटं बोलायचं आईच्या मनात आलं. पण ते खोटं लेकीने ओळखलं असतं, आणि मग दिवसभर तेच डोक्यात घेऊन बसली असती.

"दुसरीला उभी करणार म्हणाल्या."

"मग आपण काय करायचं?"

"माहीत नाही मला. तू जा. बसची वेळ झाली."

लेक वाकली, आईच्या गळ्यात पडली, आणि आईने तिला दूर ढकललं, पुन्हा ताप लागेल म्हणून. मग लेकीने बूट घातले. नाडी बांधताना तिची बोटं चुकत होती. दार लोटलं गेलं, जिन्यावर तिची पावलं वाजली, आधी सावकाश आणि मग पळत.

आजी कितीतरी वेळ खिडकीकडे तोंड करून बसली होती. आई सरकत सरकत पलंगापर्यंत गेली आणि आडवी झाली. छताकडे बघताना तिला रोलर दिसत होता, तिच्या बाजूला वाकून चादर धरणारी कुणी अनोळखी बाई दिसत होती. मुकादमबाई तिला "ए तीन नंबर" अशी हाक मारत होत्या, आणि ती वळून बघत होती. आईने डोळे मिटले, तरी ते वाहायचे थांबेनात.

काठीचा आवाज जवळ आला. आजीने ओल्या फडक्याची घडी तिच्या कपाळावर ठेवली, जरा जोरातच.

"तापामुळे पाणी येतंय डोळ्यांतून," आई म्हणाली.

"येतं," आजी म्हणाली. "तापात येतं तसं." आणि आपले डोळे न पुसताच ती तिच्या पायाशी बसून राहिली.